दारापुढील फुलझाड

सन २०२२ च्या मे महिन्यात आमच्या पुतण्याने अमेरिकेतील मिशिगन राज्यातून आपल्या घरापुढील एका झाडाचे छायाचित्र पाठविले. ते सूनबाईंच्या मोबाइलवर आले, आणि जेवणाची पाने मांडलेली तशीच टाकून घरातील लहानथोर मंडळी ते पाहण्यास जमली. झाड फार उंच नव्हते. दोन-अडीच पुरुष असेल. परंतु गुलाबी-पांढऱ्या फुलांनी ते इतके लगडले होते की फांदी म्हणून कोठे दिसत नव्हती. खाली त्याने लिहिले होते, "अण्णाकाका, ह्याला इकडे क्रॅबॲपल म्हणतात. आपली बकुळ गेली त्या जागी हेच लावू या. डिसेंबरात येताना रोप घेऊन येतो."

आमच्या आत्याबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिले आणि एवढेच विचारले, "वास आहे का रे त्याला?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. पुढे पुतण्याने कळविले की काही जातींस मंद वास असतो, पण तो झाडापाशी उभे राहिल्यावरच कळतो. तथापि त्या निमित्ताने घरात जो वाद सुरू झाला तो मृगाचा पाऊस येईपर्यंत चालला, आणि दारापुढे फुलझाड कोणते लावावे, कसे लावावे, या विषयाचा आम्हांस पहिल्यानेच कसून विचार करावा लागला. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत काव्यांतील अशोक-बकुळ शिकविण्यात घालविली, पण खड्डा किती खोल असावा हे धड ठाऊक नव्हते! आमच्यासारखी घरे कोकणात पुष्कळ असल्याने ती हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम त्या परदेशी झाडाविषयी. क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाच्याच कुळातील लहान फळांचे झाड. फळाचा व्यास दोन इंचांच्या आत असेल तर क्रॅबॲपल, त्याहून मोठे असेल तर सफरचंद, असा तिकडील बागाइतांचा साधा हिशेब आहे. फळे आंबट असतात. ती पक्षी खातात, गृहिणी त्यांचा मुरंबा करतात. हे झाड आपल्या देशास अगदीच अपरिचित आहे असे नाही. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांतून ते मुद्दाम लावितात. कारण सफरचंदाच्या बहुतेक जातींस फळ धरण्यास दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि क्रॅबॲपलला फुले विपुल येत असल्याने मधमाश्यांच्या द्वारे तो पराग मिळतो.

मग ते लोट्यास का लावू नये? कारण असे की या झाडाच्या कळ्या हिवाळ्यात निद्रिस्त होतात, आणि पुरेशी थंडी भोगल्यावाचून त्या जाग्या होत नाहीत. सफरचंदाच्या बहुतेक जातींस सात अंशांच्या खालची थंडी शेकडो तास लागते. कित्येकांस हजार तासही कमी पडतात. आमच्याकडे पौषात सुद्धा रात्री एका पांघरुणावर भागते. अशा हवेत ते झाड कदाचित जगेल. पण ऋतू केव्हा पालटला हेच त्याला कळणार नाही. शिवाय परदेशातून रोप आणावयाचे म्हणजे सरकारी परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पेटीत कपड्यांच्या घडीखाली घालून आणण्याची ही वस्तू नव्हे. पुतण्यास आम्ही तसे कळविले. तो थोडा हिरमुसला असावा.

मात्र त्याच्याशी झालेल्या या पत्रव्यवहारात एक गोष्ट आम्हांस उमगली. तिकडील लोक क्रॅबॲपल निवडताना फुलाचा रंग शेवटी पाहतात. प्रथम ते विचारतात की पूर्ण वाढलेले झाड किती उंच व किती रुंद होईल. मग विचारतात की पानांवर खवल्यांसारखे काळपट डाग पाडणारा जो रोग या झाडांस होतो, तो या जातीस होतो की नाही. कारण तो झाला म्हणजे भर उन्हाळ्यातच झाड उघडे पडते. पुढे फळे गळून अंगण चिकट होते की ती झाडावरच टिकून पक्ष्यांच्या उपयोगी पडतात, हे पाहतात. फूल पंधरा दिवसांचे, झाड तीनशे पासष्ट दिवसांचे, हा त्यांचा हिशेब. आपण मात्र रोपवाटिकेत जातो, फुललेले रोप पाहून भुलतो, आणि ते पडवीपासून चार हातांवर लावून मोकळे होतो.

आता आमच्या बकुळीची कथा सांगणे प्राप्त आहे. ती सांगण्यास आम्हांस आनंद होतो असे नाही.

आमचे घर लोट्यास, खेड आणि चिपळूण यांच्यामधील मुंबई-गोवा महामार्गापासून थोडे आत. ज्या माळावर आमच्या बाळपणी गवत आणि करवंदीची जाळी यांवाचून काही नव्हते, तेथे आता लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे. दक्षिणेस परशुरामाचा डोंगर. जमीन जांभ्याची, वर वीतभर माती, खाली कातळ. अशा जागी आमच्या आजीने सुमारे १९४४ साली दारापुढे बकुळ लावली. आत्याबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, आणि उन्हाळ्यात विहिरीवरून कळशीने पाणी आणून रोपास घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. लग्न होऊन त्या सासरी गेल्या आणि अकाली वैधव्य आल्यावर परत आल्या, तेव्हा बकुळ ओटीच्या कौलांहून उंच झाली होती. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे बहराच्या दिवसांत भल्या पहाटे परडी घेऊन झाडाखाली पडलेली फुले वेचावयाची, देवांपुरती ओंजळ बाजूस ठेवावयाची आणि उरलेल्यांच्या माळा करून लेकीसुनांना वाटावयाच्या, हा त्यांचा नेम. बकुळीच्या फुलास मध्ये जात्याच छिद्र असते, त्यामुळे सुईही लागत नाही. केळीच्या सोपाचा दोरा पुरतो. सुकलेल्या माळा त्या पेटीत नऊवारी लुगड्यांच्या घड्यांत ठेवीत, आणि पेटी उघडली की माजघरभर वास येई.

सन २०१६ मध्ये आम्ही सेवानिवृत्त झालो, आणि त्याच वर्षी धाकट्या मुलीचे लग्न दारीच करावयाचे ठरले. अंगण सारवण्यास माणूस मिळेना. शेकडो मंडळी येणार, चिखल-धूळ नको, म्हणून निवृत्तीच्या पैशांतून सबंध अंगणास सिमेंटचा कोबा करविला. गवंडी शहाणा होता. त्याने विचारले, "गुरुजी, झाडाभोवती आळं ठेवू का?" आम्ही म्हणालो, "नको, पाणी साचून डास होतील." बुंध्याला चिकटवून कोबा झाला. लग्न थाटात झाले. पुष्कळांनी अंगणाची वाखाणणी केली.

दुसऱ्या वर्षी शेंड्याची पाने बारीक आली. तिसऱ्या वर्षी एका बाजूच्या फांद्या वाळल्या आणि सालीवर अळंबी दिसू लागली. आम्ही औषध फवारले, खत आणले. पण खत घालण्यास माती उरलीच कोठे होती? सन २०१९ च्या उन्हाळ्यात फुले अशी आलीच नाहीत. पुढील वर्षी ३ जूनला 'निसर्ग' नावाच्या चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत हाहाकार उडविला, त्या दिवशीच्या वाऱ्यात आमची वाळकी बकुळ बुंध्यातून मोडून पडली. वादळाला बोल लावणे सोपे होते, आणि काही महिने आम्ही तो लावलाही.

खरे कारण पुढे दापोलीच्या कृषि विद्यापीठातून शिकून आलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून दिले. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे पुष्कळशी वरच्या एक-दोन फूट मातीतच असतात, आणि त्यांस पाण्याइतकीच हवाही लागते. जांभ्याच्या जमिनीत तर मुळे खोल जाऊच शकत नाहीत. ती अंगणभर पसरतात. त्यांच्यावर कोबा झाला म्हणजे पावसाचे पाणी वरच्या वर वाहून जाते आणि मुळांशी हवेची ये-जा बंद पडते. पंचाहत्तर वर्षांचे झाड एका दिवसात मरत नाही. ते साठविलेल्या बळावर दोन-तीन वर्षे काढते, म्हणून मारणाऱ्यास आपण काय केले ते कळत नाही. हे सर्व तो ओटीवर बसून सांगत असता आत्याबाई वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "तिचा श्वास कोंडला. मला ठाऊक होतं." मग इतकी वर्षे बोलला का नाहीत, असे आम्ही विचारले नाही.

असो. आता त्या जागी काय लावावे?

सूनबाईंचे मत गुलमोहरास. झपाट्याने वाढतो, छत्रीसारखी सावली धरतो, आणि वैशाखात पेटल्यासारखा फुलतो. या झाडाची शोभा आम्ही नाकारीत नाही. सातारकर मंडळी तर दर वर्षी १ मे रोजी त्याचा दिन साजरा करतात. हे झाड मूळचे मादागास्कर बेटाचे, पण आपल्याकडे इतके रुळले आहे की परके वाटत नाही. परंतु त्याची मुळे वरवर पसरून जोत्यास व गडग्यास उचलतात आणि लाकूड ठिसूळ असते. रस्त्याच्या कडेस किंवा मोकळ्या मैदानात तो शोभतो. कौलांवर फांदी पडेल अशा ठिकाणी त्यास बोलावू नये.

चिरंजीवांस सरळसोट वाढणारे 'अशोक' हवे होते, फाटकापासून ओटीपर्यंत दोन रांगा. येथे आमच्यातील शिक्षक जागा झाला. शाळा, बंगले, सरकारी कचेऱ्या यांपुढे शिपायांप्रमाणे उभे असलेले ते उंच झाड अशोक नव्हेच, ते आसूपालव. ज्याच्या छायेत सीता बसली असे आपण मानतो, आणि कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात मालविकेच्या पायाच्या आघाताने जो फुलतो, तो अशोक निराळा. त्याच्या फुलांस पाकळ्या नसतात; ज्याला आपण पाकळ्या समजतो ती रंगीत निदले होत. झुबके जून फांद्यांवर येतात, आधी केशरी असतात, मग लाल होतात. त्याची साल अशोकारिष्टासाठी इतकी ओरबाडली गेली आहे की रानात हे झाड आता विरळ झाले आहे. ज्यांच्या परसात पाण्याचा ओलावा आणि अर्धी सावली आहे त्यांनी हा अशोक अवश्य लावावा. आमचे अंगण दिवसभर उन्हात. तेथे तो सुखी झाला नसता.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी सातवीण सुचविली. तिचे लाकूड पूर्वी शाळेच्या पाट्या व फळे करण्याच्या कामी येई, आणि तिच्या शास्त्रीय नावातही विद्यार्थ्याचा उल्लेख आहे. शांतिनिकेतनात पदवीधरांस तिचे पान देण्याची चाल होती. एवढे सर्व असून एका शिक्षकाने तिला नाही म्हणावे ही कृतघ्नताच. पण कार्तिकातील रात्री तिच्या फुलांचा उग्र वास ज्याने निजावयाच्या खोलीत घेतला आहे तो आम्हांस दोष देणार नाही.

तामण व बहावा यांविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. चुणीदार जांभळ्या पाकळ्यांचे तुरे चैत्र-वैशाखात येतात, आणि थंडीत गळण्यापूर्वी पानेही तांबूस होतात. रानात ती ओढ्याकाठी वाढते, म्हणून पाण्याजवळची जागा तिला मानवते. आमच्या विहिरीच्या उताराला एक आहे. ती लावल्यापासून सहाव्या वर्षी फुलली. आकार आटोपशीर, मुळांचा उपद्रव नाही. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी गावच्या घरापुढे डोळे मिटून लावावे असे हे झाड आहे. वास नाही, एवढेच काय ते उणे. बहाव्याचे सोनेरी घोस तर कोणास आवडत नाहीत? केरळात विषूच्या सणाला तीच फुले लागतात. त्याचे बी कठीण कवचाचे. ते दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात ठेवल्यावाचून रुजण्यास फार काळ घेते. पाने फुलपाखरांच्या अळ्या खातात, त्याने घाबरून जाऊ नये. नवी पालवी येते. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही तीन वर्षे दिनदर्शिकेवर खुणा केल्या. एकदा जुळले, दोनदा नाही.

आमचे स्वतःचे मन सुरंगीवर होते. तळकोकणात, विशेषतः वेंगुर्ले तालुक्यात, फाल्गुन-चैत्रात तिचे गजरे विकावयास येतात. जून फांद्यांना चिकटून पिवळसर-पांढरी लहान फुले येतात, आणि सुकल्यावरही त्यांचा वास जात नाही; बकुळीशी वासाच्या टिकाऊपणात बरोबरी करील तर तीच. झाड सदाहरित, गर्द, वाऱ्यास दाद न देणारे. परंतु वाढ अतिशय मंद. सोनचाफ्याचे कलम त्या मानाने फार लौकर फुलते, त्यातही वेलणकर जातीचे वर्ष-दोन वर्षांत फूल देते. मात्र चाफ्याच्या मुळांशी पाणी तुंबलेले चालत नाही, आणि कोकणचा आषाढ म्हणजे पाण्याचीच परीक्षा.

एका संध्याकाळी असा खल चालला असता आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही झाडाचं वय मोजता आहात. माझंही मोजा." त्यावर कोणी काही बोलले नाही. बी लावून केलेली बकुळ किंवा सुरंगी फुलावयास किती वर्षे लागतात हे सर्वांस ठाऊक होते.

त्या रात्री आम्ही वराहमिहिराची बृहत्संहिता काढली. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा एक लहानसा अध्याय आहे. त्यात घराशी वा बागेत प्रथम लावावयाचे मंगल वृक्ष सांगितले आहेत. त्यांत अशोक, शिरीष आणि पुन्नाग येतात. (पुन्नाग म्हणजे उंडी असे कित्येक म्हणतात, सुरंगीस सुरपुन्नाग असे नाव आहे.) दोन झाडांतील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ, झाडे दाट लावली, एकमेकांस भिडली आणि मुळे गुंतली, तर नीट फळत नाहीत, असेही तो सांगतो. उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, पावसाळ्यात माती सुकली तरच. चौदाशे वर्षांत यात काय बदलावे? आमच्या अंगणाची रुंदी मोजली तेव्हा असे दिसले की वीस हातांच्या मापाने तेथे एकच मोठे झाड मावते, आणि पूर्वेच्या खिडकीकडे एक लहान. वाद तेथेच मिटला. मोठ्या जागी बकुळच. आणि आत्याबाईंच्या खोलीच्या खिडकीपाशी पारिजातक, कारण तो दोन-तीन वर्षांत फुलतो, फार मोठा होत नाही, आणि त्याची फुले पहाटे आपोआप गळतात, वेचावयास हात वर करावा लागत नाही.

आता लावणीचा तपशील. लिहितो आहो तो कोकणच्या कातळासाठी. देशावरील काळ्या जमिनीस तो जसाच्या तसा लागू नाही.

बकुळीच्या जागेभोवती बारा फूट व्यासाचा कोबा फोडून टाकविला. त्याखालची माती काढली तेव्हा ती राखेसारखी कोरडी निघाली. मध्ये तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा पहारीने खणविला. दोन गड्यांस दोन दिवस लागले. येथे एक धोका आहे, तो पुष्कळांस ठाऊक नसतो. अखंड कातळात खणलेला खड्डा म्हणजे दगडी हौद. शंभर इंचांहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो, हौद भरतो, आणि रोपाची मुळे कुजतात. लोक म्हणतात रोपच वाईट होते. म्हणून संध्याकाळी खड्ड्यात चार घागरी पाणी ओतावे आणि सकाळी पाहावे. आमच्या खड्ड्यात सकाळी निम्मे पाणी होते. तेव्हा तळाचा कातळ घणाने तडकविला आणि उताराच्या बाजूस चर काढला. दुसऱ्या दिवशी पाणी नव्हते.

खड्डा वैशाखाच्या उन्हात पंधरा दिवस तापू दिला. मग वरची माती, कुजलेला पालापाचोळा, जुने शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड असे मिश्रण भरून जमिनीहून वीतभर उंच वरंबा केला, कारण पावसात माती खचते. रोप मिळाले ते गोठ्यामागे. गडग्याच्या खबदाडीत कमरेइतकी एक बकुळ आपोआप उगवली होती. ती आमच्याच झाडाची लेक की वटवाघळांनी दुसरीकडून आणलेले बी, हे कोण सांगणार? आत्याबाई मात्र निःशंक आहेत. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागल्यावर एका ढगाळ संध्याकाळी मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता, गोणपाटात बांधून, ती आणली. रोप पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. बुंधा खोल पुरल्यास साल कुजते. पिशवीतील रोप असेल तर पिशवी फाडून काढावी आणि तळाशी गोल गुंडाळलेली मुळे मोकळी करावी. बकुळीस बांबूचा आधार दिला, पण सैल. वाऱ्याने थोडे हलल्यावाचून बुंधा बळकट होत नाही.

आमच्याकडे रोपे पावसात क्वचित मरतात; मरतात ती मार्च ते मेमध्ये. पुढील आठ महिने आकाशातून थेंब येत नाही याचा विसर पडलेला असतो. आम्ही रोपापासून हातभर अंतरावर एक कच्चे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरले, तोंडावर करवंटी झाकली, आणि तीन दिवसांआड ते भरीत गेलो. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे त्याकडे जातात. भोवती भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घातले, ते बुंध्यास न लावता. लागले की वाळवी चढते. गुरांपासून राखण्यास करवंदीच्या काट्यांचे कुंपण. दोन उन्हाळे एवढे केले म्हणजे तिसऱ्या उन्हाळ्यास झाड बरेचसे स्वतःचे पाहते.

पहिल्या वर्षी बकुळ वाढलीच नाही. पाने होती तितकीच राहिली, आणि आम्ही तीनदा नखाने साल खरवडून आत हिरवे आहे ना ते पाहिले. चौथ्या वेळी सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्हीच माराल तिला." तेव्हापासून हात लावला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात दोन वीत वाढली. आज ती आमच्या डोक्याहून थोडी उंच आहे, बुंधा मनगटाएवढा आहे, फुलाचे नाव नाही. खालच्या फांद्या एकदम छाटू नयेत, वर्षास एक-दोन काढाव्यात, असे त्या आमच्या विद्यार्थ्याचे सांगणे आहे. त्याप्रमाणे चालले आहे.

पारिजातक २०२४ च्या भाद्रपदात फुलला. पहिल्या दिवशी सतरा फुले पडली. आत्याबाईंनी ती दोनदा मोजली. वास घेतला, देठ बोटांनी चुरून केशरी रंग पाहिला, आणि म्हणाल्या, "बकुळीचा वास तो बकुळीचा." पण परडी मात्र फडताळातून पुन्हा बाहेर आली.

पुतण्या त्या डिसेंबरात ठरल्याप्रमाणे आला होता. रोप आणले नाही. आपल्या क्रॅबॲपलच्या फळांचा मुरंबा एका लहान बरणीत आणला होता. आंबट होता, साखर आणखी हवी होती असे घरातील बायकांचे एकमत पडले. त्याने कुंपणाच्या काट्या बदलून दिल्या, आणि मिशिगनला परतल्यापासून दर महिन्यास बकुळीची उंची विचारतो.

उन्हाळ्यात मडके भरण्याचे काम आता आमच्या आठ वर्षांच्या नातवाकडे आहे. नळ दाराशी असता तो पाईप घेऊन एका क्षणात काम उरकू पाहतो, आणि आत्याबाई ओटीवरून त्याला हाक मारतात, "पाईप नको, तांब्यानं घाल. भरताना बघ पाणी किती खाली गेलंय." तो कुरकुरत तांब्या आणतो. मग त्या त्याला पूर्वी विहिरीला किती पायऱ्या होत्या, आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन त्या कशा चढावयाच्या, ते सांगत बसतात.